वाघ्या, चिमी आणि मधला तट्टा

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा : घरात चार वर्षांपासून चिमी नावाची मांजर आहे, सासूबाईंची लाडकी. दिवाळीनंतर सालदार काम सोडून गेला, शेतात भाकर घालायला कोणी उरलं नाही, म्हणून तिथला नऊ महिन्यांचा वाघ्या घरी आणला. आल्या दिवसापासून तो चिमीमागे धावतो. ती एकतर माळ्यावर असते नाहीतर कवेलूवर. दिवसा खात नाही, आणि चुलीमागे मुतायला लागली आहे. ताईंच्या मालकांनी वाघ्याला काठीनं मारून पाहिलं, साखळीनं बांधून पाहिलं. गेल्या आठवड्यात 'ओळख करून देतो' म्हणत त्यांनी चिमीला उचलून त्याच्या तोंडापुढे धरलं, तर तिनं त्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. तेव्हापासून ते म्हणतात, "कुत्रं रायते, मांजर जाते." पोत्यात घालून नदीपलीकडच्या गावात सोडायचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, "मांजर मेलं त काशीले सोन्याचं मांजर वाहा लागते, मंग तूच जाय." पाचवीतला मुलगा दोघांसाठीही रडतो. ताईंचा प्रश्न : "यायचं कधी जमन का, का एकाले काढाच लागन?"

ताई, नमस्कार.

कुत्र्या-मांजराचं नंतर बोलू, आधी तुमच्या मालकांच्या, म्हणजे भाऊंच्या हाताचं. ओरखड्यातून रक्त आलं आणि चिमीला रेबीजची लस कधीच दिलेली नाही, असं तुम्ही लिहिता. भाऊंना उद्या सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं गावात समजतात, पण मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही तो होऊ शकतो, कारण मांजर दिवसभर पंजे चाटत असते. आठवडा उलटला म्हणून राहू देऊ नका, आणि डॉक्टर ज्या तारखा लिहून देतील त्यातली एकही सुई चुकवू नका. पुढे कोणालाही चावलं किंवा ओरबाडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आणखी एक. चावल्या-ओरबाडल्यानंतर १० दिवस ते जनावर नजरेसमोर असावं लागतं. ते या दिवसांत ठणठणीत राहिलं की मोठी काळजी मिटते. चिमीला नदीपलीकडे सोडली तर ही खात्री कोण करणार? निदान एवढ्या कारणासाठी तरी पोतं बाजूला ठेवायला सांगा.

आता तुमचा प्रश्न. जमतं, ताई. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी गावोगाव फिरलो तेव्हा एका ओसरीत कुत्रा आणि मांजर नांदताना अनेक घरांत पाहिलं आहे. मात्र जमणं म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. एकमेकांच्या कुशीत झोपलेल्या कुत्र्या-मांजरांचे व्हिडिओ मुलगा मोबाइलवर पाहत असेल आणि वाघ्या-चिमीकडून तेच हवं म्हणत असेल. तुमच्या घरी तसं बहुधा होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. चिमी ओसरीतून न धावता चालत जाईल आणि वाघ्या मान वर करून पाहील, पुन्हा खाली ठेवील, एवढं झालं की माझ्या लेखी काम फत्ते.

वाघ्या असा का वागतो ते त्याच्या वाढण्यात दडलेलं आहे. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात. त्या काळात जे-जे जीव त्याच्याभोवती वावरतात, ते त्याला आपले वाटतात. मांजराच्या पिल्लाचा हा काळ आणखी लवकर येतो, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या मध्ये. वाघ्याचे ते दिवस शेतात गेले, तिथे मांजर नव्हतं. होते ससे, मुंगूस आणि रात्री येणारी रानडुकरं. त्यांच्या मागे धावला की सालदार शाबासकी देत असेल, भाकरीचा जास्तीचा तुकडा टाकत असेल. पळणाऱ्याच्या मागे लागायचं हेच त्याचं शिक्षण आणि हीच त्याची नोकरी. घरी आणल्यावर तीच नोकरी त्यानं चिमीवर केली आणि काठी खाल्ली. शाबासकीचं काम एका रात्रीत गुन्हा कसं झालं, हे त्या जिवाला कळणार कुठून? उलट त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की मांजर दिसलं की पाठीवर काठी बसते. मग तो मांजर बघूनच आधी चवताळतो. म्हणून काठी आजपासून बंद. हे मी कळकळीनं सांगतो आहे, कारण मारानं बिघडलेले कुत्रे मी पाहिले आहेत. पुढे ते माणसाच्याही अंगावर जातात.

चिमीची बाजू वेगळी आहे. मांजराचा जीव जागेत गुंतलेला असतो. चार वर्षं जे घर तिचं होतं, त्यातली जमीन तिच्याकडून गेली आणि उरले फक्त वासे आणि कवेलू. चुलीमागे मुतणं हा तिचा खोडसाळपणा नाही. परसात जायची वाट वाघ्याच्या पुढ्यातून जाते, मग ती जाणार कुठे? ती दिवसा खात नाही याची मला जास्त काळजी वाटते. मांजर दोन-तीन दिवस सलग काहीच खाईनासं झालं तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो, जाडजूड मांजराच्या तर लवकरच. रात्री खाते आहे तोवर ठीक. तेही थांबलं, किंवा मुतायला बसून जोर करते आणि काहीच येत नाही असं दिसलं, तर थेट जनावरांच्या दवाखान्यात न्या.

तर पहिलं काम चिमीसाठी. रानडुकरं राखायला शेतात मचाण बांधतो तसं तिलाही घरात मचाण लागतं, जिथून सगळं दिसतं आणि जिथे कोणी चढू शकत नाही. माळा आहेच, पण तो कोपऱ्यात. स्वयंपाकघरापासून माळ्यापर्यंत भिंतीला दोन-तीन फळ्या अशा ठोका की तिला जमिनीवर न उतरता जाता येईल. एक खोली फक्त तिची करा, धान्याची कणगी असते ती खोली उत्तम, कारण उंदरांमुळे ती तिथे तशीही रमते. दाराला बांबूचा तट्टा आडवा बांधा, कंबरेएवढा उंच. खाली तिच्या अंगापुरती फट ठेवा, पण वाघ्याचं डोकं त्यातून जाता कामा नये. आत तिचं खाणं, पाणी, आणि एका कोपऱ्यात घमेल्यात कोरडी माती किंवा वाळू. चुलीमागची जागा साबणाच्या पाण्यानं धुऊन काढा. फिनाईल नको, ते मांजराला बाधतं. घमेलं रोज साफ झालं तर दोन-चार दिवसांत चुलीमागचं थांबेल.

वाघ्याची साखळी काढा. दिवसभर एका जागी बांधलेला कुत्रा समोरून मांजर गेलं की साखळीला हिसके देतो, आणि त्या हिसक्यांत त्याचा जोश वाढतच जातो. सकाळी शेतात जाताना भाऊंनी त्याला सोबत न्यावं, वेचणी चालू असेल तोवर तिथे मनसोक्त पळू द्यावं. दमून आलेला कुत्रा निम्मा शहाणा असतो. घरी असताना गळ्यात पट्टा आणि त्याला बैलाचा जुना कासरा, दहा-बारा हात लांब. दुसरं टोक माणसाच्या हातात किंवा पायाखाली. मोकळा सोडायचा तो फक्त चिमी तट्ट्याच्या आत असताना.

पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहूही नये. फक्त वास. वाघ्या ज्या गोणपाटावर झोपतो त्याचा तुकडा चिमीच्या खोलीत टाका, तिच्या बिछान्याची चिंधी वाघ्याच्या जागेजवळ. तिच्या तोंडावर मात्र तो तुकडा धरू नका, खोलीत पडू द्या, ती हुंगेल तेव्हा हुंगेल. मग तट्ट्यावर जुनं लुगडं टाकून दोघांना एकाच वेळी खायला घाला, ती आत, तो बाहेर, तट्ट्यापासून लांब. दोघं शांतपणे खातात असं दिसलं की थाळ्या रोज थोड्या जवळ आणा. कोणी खाणं सोडून गुरगुरलं किंवा फिस्कारलं तर तुम्ही घाई केली असं समजा आणि थाळ्या मागे न्या. लुगडं सर्वांत शेवटी काढायचं, तेही आधी हातभर.

हे चालू असताना मुलाला एक काम द्या, त्याला ते आवडेल. त्यानं अंगणात, चिमीपासून दूर, वाघ्याला 'बस' शिकवायचं आणि नावानं हाक मारली की मान वळवायला शिकवायचं. मान वळली की लगेच भाकरीचा तुकडा, कधी उकडलेल्या अंड्याचा. पुढे तट्ट्याआड चिमी दिसत असताना हेच करायचं, पण तेव्हा कासरा भाऊंच्या हातात हवा. वाघ्यानं तिच्याकडे पाहिलं, हाक ऐकून मान वळवली, की तुकडा. असं रोज थोडा-थोडा वेळ चाललं तर मांजर दिसल्यावर धावायच्या ऐवजी माणसाकडे बघायची सवय लागते. सालदारानं शिकवलं ते मोडायला तोच भाकरीचा तुकडा कामी येतो.

हे किती दिवस चालवायचं? तुमच्याकडचा हरभरा निघेपर्यंत तरी धरून चाला. काही जोड्या पंधरा दिवसांत निवळतात, काहींना महिने लागतात. वाघ्या अजून वर्षाचा व्हायचा आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये कुत्रा आणि मांजर दोन्ही पाळणाऱ्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं की मांजर घरात आधीपासून असेल आणि कुत्रा वर्षाच्या आतला असताना भेट झाली असेल, तर सूत जुळायची शक्यता जास्त. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. चिमी मात्र सहा महिन्यांच्या आतली हवी होती, ती चार वर्षांची आहे. म्हणून वेळ तिच्याकडून लागेल आणि वेग तिनंच ठरवायचा.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. कुत्रा आणि मांजर एकच हालचाल वेगवेगळ्या अर्थानं करतात, आणि तरीही एकत्र राहून पुष्कळ जण समोरच्याचा अर्थ ओळखायला शिकतात. तुम्हीही ओळखायला शिका, म्हणजे कधी पुढे जायचं आणि कधी थांबायचं ते दुसऱ्या कोणाला विचारावं लागणार नाही. वाघ्या अंग सैल सोडून शेपटी हलवतो तेव्हा तो खुशीत असतो. चिमीची शेपटी जमिनीवर फटाफट आपटते तेव्हा ती वैतागलेली असते, तो खेळ समजून जवळ गेला तर पंजा खातो. वाघ्या पाठीवर लोळून पोट दाखवतो तेव्हा तो नमतं घेतो. चिमी भांडणात पाठीवर पडली तर चारही पंजे मोकळे करून ती लढाईला तयार झालेली असते. चिमी शेपटी उभी काठीसारखी करून आली तर ते तिचं रामराम, त्या दिवशी थाळी खुशाल थोडी पुढे सरकवा. आणि फिस्कारणं, गुरगुरणं याबद्दल दोघांपैकी कोणालाही रागावू नका. 'लांब राहा' हे सांगायची त्यांच्याकडे तेवढीच सभ्य रीत आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी न सांगता दात लागतील.

वाघ्यात एक गोष्ट नीट पाहा. तो पुढचे पाय पसरून, मागचं अंग वर करून, भुंकत-भुंकत उड्या मारतो का? मग त्याच्यात खेळ जास्त आहे आणि तुमचं काम सोपं आहे. पण आवाज न करता, तोंड मिटून, अंग ताठ करून, एकटक बघत दबा धरतो का? ती शिकारीची नजर. तो कोंबड्यांना हात लावत नाही असं तुम्ही लिहिलं, त्यामुळे मला आशा वाटते. तरी उद्या त्यानं एखादं मांजर किंवा कोंबडी तोंडात धरून झटकली, तर हा प्रयोग तिथेच थांबवा. मग वाघ्याचं घर गोठ्यात किंवा शेतात आणि चिमीचं घरात. काही कुत्र्यांना मांजराजवळ कधीच मोकळं सोडता येत नाही, आणि मधे भक्कम फाटक असेल तर त्या घरातही दोघांचं आयुष्य सुखाचं जाऊ शकतं.

खाण्याचं थोडक्यात. वाघ्याचं उरलेलं चिमीला घालू नका. मांजराला मांसातून मिळणारा टॉरिन नावाचा घटक लागतोच, तो कमी पडला तर काही महिन्यांत डोळे आणि हृदय बिघडतं. कुत्र्याचं शरीर तो स्वतः तयार करतं. चिमीला तो आजवर उंदरांतून मिळत असेल. ती माळ्यावर अडकून नुसत्या दूध-पोळीवर राहिली तर तो कमी पडेल, म्हणून अधूनमधून अंडं, मासोळी, कोंबडीचा तुकडा तिला द्या. आणि उंदरांसाठी घरात-शेतात विषाच्या गोळ्या ठेवत असाल तर ते थांबवा. विष खाल्लेला उंदीर चिमीनं किंवा वाघ्यानं खाल्ला तर तेही जातात.

यापेक्षा मोठा धोका तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात : "बैलाच्या गोचिडाचं औषध वाघ्यालेबी मारलं." ताई, गोचिडांच्या पुष्कळ फवारण्यांत पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. यातलं पर्मेथ्रिन कुत्र्याच्या औषधातही वापरतात, कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या यकृताला मात्र त्या औषधाचा निचरा करता येत नाही, आणि थोड्या औषधानंही मांजर दगावतं. फवारलेल्या कुत्र्याला अंग घासलं किंवा तो बसलेल्या गोणपाटावर लोळून मग अंग चाटलं तरी पुरतं. म्हणजे ज्या दिवशी दोघांची दोस्ती होईल, त्याच दिवशी हे औषध चिमीच्या पोटात जाईल. वाघ्याचे गोचीड काढायला हवेतच, पण औषध डॉक्टरांकडून, 'घरात मांजर आहे' हे सांगून आणि त्याच्या वजनाप्रमाणे घ्या. आता जो गोणपाट तो वापरतो आहे तो जाळून टाका आणि वासाच्या देवघेवीसाठी नवा घ्या. चिमीला अंगाला कापरं भरलं, लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला तर कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं तिचं अंग धुवा, कोरडं करून उबेत ठेवा आणि दवाखाना गाठा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. त्याच खेपेत दोघांना रेबीजची लस टोचून घ्या, दरवर्षी पुन्हा, आणि वाघ्याच्या नसबंदीचंही विचारा.

आता घरातल्या माणसांचं, कारण पत्र वाचताना मला चिमी-वाघ्यापेक्षा सासूबाई आणि भाऊ यांचंच जास्त ऐकू आलं. वाघ्या म्हणजे भाऊंचं शेत, चिमी म्हणजे सासूबाईंचं घर, असं काहीतरी झालं आहे, आणि मधे तुम्ही. भाऊंना दोन गोष्टी सांगा. एक, सोडून दिलेलं मांजर बऱ्याचदा परत घराच्या ओढीनं निघतं आणि वाटेत गाडीखाली किंवा गावकुत्र्यांच्या तावडीत सापडतं. दुसरी, पाळलेलं जनावर उपासमारीच्या तोंडी असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. कायद्यानं ते ऐकणार नसतील तर गाडगेबाबांचं नाव घ्या. आपल्या वऱ्हाडच्या मातीतल्या त्या माणसाच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय आहे, आणि ती पाटी भाऊंनी शाळेत नक्की वाचलेली असेल. सासूबाईंना मात्र काही समजवायला जाऊ नका, त्यांना कामाला लावा. चिमीची खोली, तिची थाळी, तिचं घमेलं त्यांच्याकडे द्या. आणि जमलं तर रोज संध्याकाळी वाघ्याला भाकर त्यांच्याच हातून घाला. ज्या हाताला चिमीचा वास आहे त्याच हातानं भाकर मिळू लागली, तर वाघ्यालाही तो वास आवडू लागेल. सासूबाईंचा त्याच्यावरचा राग किती निवळेल ते मी सांगत नाही, पण त्या आधी 'हा खाते तरी नीट' असं म्हणू लागतील असं मला वाटतं.

उन्हाळ्याची तयारी आत्ताच करून ठेवा. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दोघांनाही रांजणाजवळची तीच गार जागा हवी असेल आणि जुळत आलेलं तिथे बिनसेल. दुसरा एक माठ दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, त्याखाली ओलं पोतं, आणि पाण्याची भांडी दोघांची दोन.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही : चिमी गाभण आहे का? पोट आणि थानं सासूबाईंना बघायला सांगा, त्यांना एका नजरेत कळेल. मांजर साधारण नऊ आठवड्यांत वितं. ती गाभण असेल तर थाळ्या जवळ आणायचं सगळं थांबवा, तट्ट्यावरचं लुगडं तसंच राहू द्या आणि वाघ्याला त्या खोलीकडे फिरकू देऊ नका, कारण व्यालेली मांजर कुत्र्याच्या डोळ्यांवर झेप घेते. पिल्लं तीन आठवड्यांची होऊन दुडूदुडू चालायला लागली की मला पुन्हा लिहा. त्या वयात ती वाघ्याचा वास आणि आवाज तट्ट्याआडून रोज घेत वाढली, तर त्यांना कुत्र्याची भीती वाटणार नाही. ते कसं करायचं ते तेव्हा सविस्तर सांगतो.